भूदान पदयात्रा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पवनारला धाम नदीकाठच्या आश्रमात जाऊन आलेल्या वर्धेकराला विनोबा भावे यांच्या पदयात्रेबद्दल काही ना काही ठाऊक असतेच. त्यातले ऐकीव किती आणि खरे किती, हे मात्र तपासून पाहायला हवे.

गैरसमज: विनोबा जमीन मागायलाच घराबाहेर पडले.
वस्तुस्थिती: मार्च १९५१ मध्ये ते निघाले, ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला. सुमारे ५०० किलोमीटर अंतर ते पायी गेले. संमेलनानंतर ते तेलंगणात फिरले. तिथे जमिनीवरून सशस्त्र लढा पेटला होता. १८ एप्रिलला पोचमपल्लीतल्या ४० दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे शब्द टाकतो, असे विनोबा आधी म्हणाले. मग त्यांनी गावालाच विचारले, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी उभे राहून १०० एकर देऊ केले. भूदानाची सुरुवात अशी झाली.

गैरसमज: शरीर दणकट होते, म्हणून एवढे चालणे जमले.
वस्तुस्थिती: विनोबांना पोटात अल्सर होता आणि आहार अगदी मोजका. छप्पन्न वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ सप्टेंबर १९५१ ला, त्यांनी पवनार सोडले. नियोजन आयोगाशी चर्चेसाठी नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावले होते. तिथेही ते पायीच गेले. पहाटे अंधारातच कंदिलाच्या उजेडात चालायला सुरुवात होई. पुढच्या मुक्कामी सभा व्हायची, दानपत्रे भरली जायची. दिल्लीनंतरही हे चालणे थांबले नाही; पवनारला ते परतले १० एप्रिल १९६४ रोजी.

गैरसमज: त्यानंतरही ते कधी वाहनात बसले नाहीत.
वस्तुस्थिती: १९६५ मध्ये बिहारमध्ये ग्रामदानासाठी, म्हणजे अख्ख्या गावाच्या जमिनीच्या दानासाठी, सुरू केलेल्या ‘तूफान यात्रे’त त्यांनी मोटारीने प्रवास केला. त्यांनी काम महत्त्वाचे मानले, पायी चालण्याचा हट्ट धरला नाही.

गैरसमज: भूदान म्हणजे नुसता कागदी खेळ.
वस्तुस्थिती: उद्दिष्ट ५ कोटी एकरांचे होते. दानात मिळाले सुमारे ४२ लाख एकर. त्यातली बरीच जमीन खडकाळ किंवा वादातली निघाली आणि निम्म्याहून कमी वाटली गेली. हे अपयश लपवू नये. पण लाखो एकर जमीन भूमिहीनांच्या हाती खरोखर गेली, हेही नाकारता येणार नाही.

गैरसमज: दानपत्रावर सही झाली की विषय संपला.
वस्तुस्थिती: विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, म्हणून इथे १९५३ चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा लागू झाला. अशा जमिनीच्या हस्तांतरावर बंधने आहेत. तुमच्या गावात भूदानाची जमीन असेल, तर तिचा सातबारा एकदा काढून पाहा. ज्या कुटुंबाला ती मिळाली, तेच ती कसत आहे ना, याची ग्रामसभेत चौकशी करा.