आग लागल्यावर माणसं काय करतात? आभासी वास्तवातले प्रयोग

आजचा प्रश्न साधा आहे. आगीचा अलार्म वाजला तर आपण काय करतो? उत्तर सोपं वाटतं: उठतो आणि बाहेर पडतो. प्रत्यक्षात मात्र आपण मान वर करतो, इकडेतिकडे बघतो, शेजारचा शांत बसलेला दिसला की "टेस्टिंग चालू असेल" म्हणून पुन्हा कामाला लागतो.

सिनेमांमुळे आपल्या मनात आग म्हटलं की चेंगराचेंगरी आणि आरडाओरडा येतो. पण अनेक दुर्घटनांत जीव गेले ते उशीर झाल्यामुळे. १९९९ मध्ये फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्यात एका मालट्रकला आग लागली आणि ३९ माणसं दगावली. त्यांतले बरेच जण आपापल्या गाडीतच सापडले.

हे का होतं, याचा एक धागा १९६८ मध्ये सापडला. लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं. सोबत ढिम्म बसून राहणारे दोन जण ठेवले, तेव्हा फक्त १० टक्के उठले. म्हणजे धूर डोळ्यांना दिसतोय, तरी आपण दुसऱ्याचा चेहरा वाचत बसतो.

आता अडचण अशी की, अभ्यासासाठी खरी इमारत पेटवता येत नाही. मॉक ड्रिलमध्ये बहुतेकांना आधीच माहीत असतं. वाचलेल्यांच्या आठवणी मोलाच्या असतात, पण जे वाचले नाहीत त्यांची बाजू त्यांत येत नाही. इथे आभासी वास्तव, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, कामी येतं. डोक्यावर हेडसेट चढवला की माणूस त्या इमारतीत उभा असतो. प्रत्येकाला तोच धूर, तोच अलार्म, त्याच सेकंदाला. मग आपण एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं: तो कुठे बघतो, कुठल्या दाराकडे वळतो, पहिलं पाऊल टाकायला किती वेळ घेतो.

उदाहरणार्थ, बोगद्यातल्या आणीबाणीच्या दारावर कुठल्या रंगाचे लुकलुकणारे दिवे लावावेत? स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी हे असंच तपासलं. निळ्यापेक्षा हिरवे आणि पांढरे दिवे सरस ठरले. दार बसवण्याआधीच हे कळलं.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. हेडसेटमधला माणूस खऱ्यासारखा वागतो का? किनाटेडर आणि वॉरन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १५० जण होते. निम्मे खऱ्या खोलीत, निम्मे तशाच आभासी खोलीत. काम चालू असताना अलार्म वाजवला. काही जण एकटे होते, काहींच्या सोबतचा माणूस ढिम्म बसून राहिला, काहींच्या सोबतचा उठून निघाला. दोन्ही खोल्यांत चित्र सारखंच दिसलं: सोबतचा उठला तर लोक जास्त उठले, तो बसला तर कमी. फरक इतकाच की, आभासी खोलीत अलार्मला एकूण प्रतिसाद कमी मिळाला आणि बसून राहणाऱ्याचा वाईट परिणामही सौम्य झाला.

यातून आपण काय घ्यायचं? या तंत्राला "दोन रचनांपैकी कुठली बरी?" असं विचारलं तर उत्तरावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. "शंभरातले किती बाहेर पडतील?" असं विचारलं तर जपून. हेडसेटमध्ये चटका बसत नाही, धुराने घुसमट होत नाही, आणि हेडसेट काढला की सगळं संपतं हे माणसाला ठाऊक असतं. काहींना चक्करही येते. आणि लोकांना किती घाबरवायचं यालाही मर्यादा आहे. प्रयोग मध्येच थांबवायचा हक्क प्रत्येकाला द्यावाच लागतो.

तरीही एक गोष्ट खऱ्या खोलीत दिसली आणि आभासी खोलीतही: एक माणूस उठला की दुसरा उठतो. आपल्या ऑफिसात, सोसायटीत, मॉलमध्ये अलार्म वाजेल तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत असतील. त्या वेळी आपण उठायचं, शेजाऱ्यालाही "चला" म्हणायचं आणि जिन्याने खाली यायचं. टेस्टिंगच निघालं, तर पाच मिनिटं गेली, एवढंच.

इथे थांबू या. आता आपले प्रश्न घेऊ.