पान्ह्याकडून कागदाकडे : पहिली गाडी म्हणून जुनी फोर-बाय-फोर

डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीने जिप्सी बाजारात आणली. त्याच सुमारास महिंद्राची एमएम ५४० ही जीप प्यूजोच्या २११२ सीसी डिझेल इंजिनासह धावू लागली. या गाड्या मुख्यतः लष्कर, पोलीस, वनखाते आणि सहकारी कारखान्यांच्या दारात दिसायच्या. विशीतल्या पोरांच्या हातात त्या आल्या दहा-बारा वर्षांनी, सेकंडहँड होऊन. तेव्हापासून आजवर दर पिढीत काही मुलं पहिली गाडी म्हणून जुनी फोर-बाय-फोरच घेत आली. या काळात लोखंड फारसं बदललं नाही. ते घेण्याचं कारण बदललं आणि सांभाळतानाची डोकेदुखीही बदलली.

नव्वदच्या दशकात कारण सरळ होतं : जीप स्वस्त होती. १९४७ नंतर मुंबईत जुळवल्या गेलेल्या विलीजच्या वंशातल्या आणि लष्कराच्या लिलावातून आलेल्या ‘डिस्पोजल’ जीपा गावोगावी फिरत होत्या. दुधाचे कॅन, खताची पोती आणि लग्नाचं वऱ्हाड एकाच गाडीत मावायचं. शिकताना पोराने कुठे घासली तरी पत्रा ठोकून सरळ होतो, हा वडिलांचा हिशोब असे. मूळ पेट्रोल इंजिन फार पितं म्हणून ते उतरवून प्यूजोचं नाहीतर मेटॅडोरचं डिझेल इंजिन बसवायची तेव्हा लाटच होती. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात तेव्हा एवढी तफावत होती, की इंजिनबदलाचा खर्च वापरातून वसूल व्हायचा. सुटे भाग पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात मिळायचे. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर अख्खी जीप नव्याने बांधून मिळे.

२००० नंतर जिप्सीचे दिवस आले. १९९६ मध्ये १३०० सीसीची जिप्सी किंग आली होती, २००० मध्ये तिला एमपीएफआय इंजिन मिळालं. जुन्या जिप्सी आता शहरातल्या मुलांना परवडू लागल्या. शेतमालाची जागा तंबू आणि दोरांनी घेतली. पावसाळ्यात मावळातल्या चिखलात गाडी घालायची, फसली की दुसऱ्या गाडीने ओढून काढायची, हा शनिवार-रविवारचा उद्योग झाला. गरजेची गाडी हौसेची झाली, तरी ती सांभाळायची विद्या तीच राहिली.

ही विद्या गाडीखाली शिरल्याशिवाय येत नाही. जिप्सीच्या पुढच्या चाकांवर लॉकिंग हब असतात. ते हाताने फिरवून लॉक केले नाहीत, तर लिव्हर फोर-व्हीलमध्ये टाकूनही पुढची चाकं जोर लावत नाहीत. याच्या उलट गाडी फोर-व्हीलमध्ये ठेवून कोरड्या डांबरावर वळवली, की स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात आणि ट्रान्सफर केसवर ताण चढतो. कारण पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधला वेगाचा फरक सामावून घ्यायला मध्ये डिफरन्शियलच नाही. चिखलात चाक थोडं घसरतं आणि तो ताण सुटतो, म्हणून ही सोय चिखलासाठीच.

दुसरा धडा किंगपिनचा. ठरावीक वेगाला स्टिअरिंग अचानक थडथडू लागलं, की नवखा आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घेतो. थरथर थांबत नाही. मग जाणता मिस्त्री पुढचं चाक जॅकवर उचलून वरखाली हलवतो आणि किंगपिनच्या बेअरिंगमधला खेळ दाखवतो. नकलचं सील गळतंय का, पाट्यांचे बुश झिजलेत का, जॉइंटच्या क्रॉसला शेवटचं ग्रीस कधी भरलं, हे प्रश्न पुढे त्याला आपसूक सुचू लागतात. खरेदीच्या वेळी मात्र पहिली नजर चासीवरच हवी. इंजिनाचं काम पुन्हा करता येतं. शॅकलपाशी कुजलेल्या चासीला वेल्डिंगचे तुकडे जोडत बसण्यात अर्थ नसतो. कोकणात वाढलेली गाडी घेताना तर ताज्या काळ्या रंगाचाच संशय घ्यावा.

२०१० मध्ये थार आली आणि दशकभरात चित्र पालटलं. त्याच वर्षी पेट्रोलचे आणि २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले. दोन्हींतलं अंतर घटत गेलं आणि डिझेल इंजिन बसवण्यामागचं गणितच कोलमडलं. २०१४ पासून गोव्यात ऐन पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा भरू लागली आणि जुन्या गाड्यांची ताकद सगळ्यांना दिसली. २०१९ मध्ये नव्या सुरक्षानियमांच्या तोंडावर सामान्य ग्राहकांसाठीची जिप्सी थांबली. मग चांगल्या जिप्सीचे भाव असे चढले, की स्वस्त म्हणून जुनी घ्यावी हे कारणच उरलं नाही.

त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केलं, की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात चालणार नाही. नव्वदच्या दशकातली ती हौशी इंजिनं आता अडचणीत आली. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, अशी जीप आज कितीही गोड चालली तरी पासिंगच्या रांगेत अडते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आहेच. त्याचं शुल्क मोटारीसाठी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं. वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० आहे. शिवाय पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आल्यामुळे तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इकडे येतात. तिथल्या कोरड्या हवेत पत्रा चांगला राहिलेला असतो, पण इथला कर आणि फेरनोंदणी धरल्याशिवाय भाव ठरवला तर स्वस्ताई कागदावरच राहते.

म्हणून आज खरेदीचा क्रम उलटा लावावा. आधी आरसीवरचे चासी आणि इंजिन नंबर ठोकलेल्या नंबरांशी जुळतात का ते पाहावं, इंधनाचा रकाना वाचावा, जुन्या हस्तलिखित नोंदी संगणकावर चढल्यात का ते तपासावं. गाडी चालवून पाहणं त्यानंतर. बयाणा सर्वांत शेवटी.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने बोलली जात नाही. या गाड्यांत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, मागची बाजू हलकी, आणि ओल्या घाटात जोरात ब्रेक दाबला तर ती फिरते. नवशिक्याला ही गाडी सावध करते असं जुने लोक सांगतात. ते अर्धंच खरं आहे, कारण समोरून येणारा सावध असेलच असं नाही. रोज महामार्गाने कॉलेजला किंवा कामाला जाणाऱ्या मुलाने पहिली गाडी म्हणून ही घेऊ नये. ज्याला घरात दुसरं वाहन आहे, उभी करायला जागा आहे आणि महिन्यातून एक रविवार हात काळे करायची तयारी आहे, त्याने जरूर घ्यावी. जीप आणि जिप्सीचे जुने मिस्त्री आता थकत चालले आहेत. त्यांच्या हातातलं कसब उचलायला आज गिऱ्हाईकच शिकाऊ म्हणून उभं राहिलं, तरच या गाड्यांची पुढची पाच वर्षांची पासिंग होईल.