टेलपर्यंतचे जाळे : बारामती-इंदापूरच्या संदर्भात इंटरनेटची तोंडओळख

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत ‘नेट’ हा शब्द आज एकाच वेळी तीन-चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. मोबाइलची रेंज, महिन्याचा रिचार्ज, व्हॉट्सॲप आणि संकेतस्थळावरून काढलेला सातबारा या सर्वांना मिळून ‘नेट’ म्हटले जाते, आणि ‘नेट गेले’ या तक्रारीत नेमके काय गेले आहे हे तक्रार करणाऱ्यालाही बहुधा सांगता येत नाही. ही सरमिसळ नवशिक्या वाचकाला वाटते तितकी निरुपद्रवी नाही, कारण कोणती गोष्ट कोणाच्या ताब्यात आहे, बिघाड कुठे शोधायचा आणि विश्वास कशावर ठेवायचा या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्यामुळे झाकली जातात. म्हणून इंटरनेट आणि वेब हा पहिला फरक आधी स्पष्ट करून घेणे इष्ट ठरते.

हा फरक समजण्यासाठी या भागातील माणसाला फार दूर जावे लागत नाही. नीरा डावा कालवा पुरंदर आणि बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात उतरतो, त्याला वितरिका फुटतात, वितरिकांना चाऱ्या आणि चाऱ्यांना पोटचाऱ्या, आणि शेवटी पाणी एखाद्या गटाच्या बांधापाशी येऊन थांबते. कालव्याला पीक ठाऊक नसते. त्याच पाण्यावर एका रानात ऊस उभा असतो, शेजारी गहू असतो, पलीकडे डाळिंबाची बाग असते. इंटरनेट म्हणजे ही कालव्यांची व्यवस्था आहे : जगभरातील संगणकांची लहानमोठी जाळी एकमेकांना जोडून, ठरलेल्या नियमांनुसार माहिती इकडून तिकडे पोहोचविणारी यंत्रणा. वेब, म्हणजे संकेतस्थळे आणि त्यांची पाने, हे त्या पाण्यावर घेतलेल्या अनेक पिकांपैकी एक पीक आहे. ई-मेल हे दुसरे पीक, आणि ते वेबपेक्षा वीस वर्षांनी जुने आहे. व्हॉट्सॲपचा निरोप आणि किराणा दुकानातील यूपीआयचे पैसे हीही वेगळी पिकेच होत. त्यामुळे एखादे संकेतस्थळ उघडत नसताना निरोप मात्र पोहोचत असेल, तर कालवा वाहतो आहे आणि दोष त्या एका रानात आहे, असे समजावे. मात्र ही तुलना एका ठिकाणी थांबते. कालव्याला एक शीर्ष असते आणि पाणी वरून खाली एकाच दिशेने येते. इंटरनेटला धरण नाही, त्यातील प्रत्येक टोक घेणारेही असते आणि देणारेही.

ही रचना मुळात टेलिफोनच्या विरोधात उभी राहिली. जुन्या टेलिफोन पद्धतीत दोन माणसे बोलत असताना त्यांच्यामधील संपूर्ण वाट त्यांच्यासाठी राखून ठेवली जाई, आणि ती दोघे गप्प बसली तरी ती वाट दुसऱ्या कोणाला मिळत नसे. 1960 च्या दशकात याला पर्याय म्हणून माहितीचे लहान लहान तुकडे करून ते स्वतंत्रपणे धाडण्याची कल्पना पुढे आली, आणि 29 ऑक्टोबर 1969 रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर दोन संस्थांमधील संगणकांत पहिला संदेश गेला. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात. त्याचे काम साखर कारखान्याच्या परिसरातील वाचकाला गळीत हंगामावरून कळू शकेल. एका शेतकऱ्याचा तुटलेला ऊस एकाच वाहनातून जात नाही. काही बैलगाड्यांतून, काही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून जातो, वाटेत कोणी आडवाटेने वळतो, कोणी मागाहून पोहोचतो, पण चिटबॉयने दिलेल्या चिठ्ठीवर शेतकऱ्याचे नाव आणि नोंद असल्यामुळे काट्यावर कोणती गाडी कोणाची हे चुकत नाही. पॅकेटवरही अशीच चिठ्ठी असते : कोठून निघाले, कोठे जायचे, आणि एकूण तुकड्यांत त्याचा क्रमांक कितवा. फरक इतकाच, की इथे पोहोचलेले तुकडे पुन्हा मूळ क्रमाने जुळवावे लागतात आणि एखादा हरवला तर तो परत मागवावा लागतो. वाट दाखविण्याचे काम आयपी नावाचा नियम करतो, तर जुळवणी आणि फेरमागणीचे काम टीसीपी नावाचा. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी आखलेल्या या नियमांवर अर्पानेट 1 जानेवारी 1983 रोजी पूर्णपणे आले, आणि कोणाचेही जाळे, कोणत्याही कंपनीचा संगणक, तेवढे दोन नियम पाळून त्यात सामील होऊ शकेल अशी सोय झाली. इंटरनेटच्या वाढीचे सर्वांत मोठे कारण या मोकळेपणात आहे.

वेबचा जन्म त्यानंतरचा. जिनिव्हाजवळील सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये त्याचा आराखडा मांडला, 1991 मध्ये तो बाहेरच्या जगासाठी खुला झाला, आणि 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने या तंत्रावरचा आपला हक्क सोडून ते सर्वांना विनामूल्य वापरू दिले. वेबची मध्यवर्ती कल्पना आहे दुव्याची, म्हणजे एका पानातील शब्दावरून थेट दुसऱ्या पानावर जाण्याची. मराठी वाचकाला ती नवी नव्हती. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत आकाराला आलेल्या मराठी विश्वकोशात एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखविणारे ‘पहा’ हे संकेत असतातच. कागदावर त्यासाठी दुसरा खंड कपाटातून काढावा लागतो, वेबवर बोट टेकवावे लागते, आणि तो दुसरा खंड जगात कोठेही, कोणाच्याही मालकीचा असू शकतो. पाने जपून ठेवणाऱ्या आणि मागताच धाडणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात; ती मागवून पडद्यावर मांडणाऱ्या साधनाला ब्राउझर.

प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा पत्ता असतो, पण आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून त्याला नाव दिले जाते, आणि नावावरून आकडा शोधून देणारी डीएनएस नावाची जगभर पसरलेली नोंदवही पडद्यामागे काम करीत असते. हे नाव वाचण्याची रीत प्रत्येकाने शिकून घ्यावी, कारण फसवणुकीपासूनचे पहिले संरक्षण तिथे आहे. डिजिटल सातबाऱ्याच्या संकेतस्थळाचे नाव ‘डिजिटलसातबारा डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ असे आहे. टपालाच्या पत्त्यात घर, गाव, तालुका, जिल्हा असा क्रम मोठ्या प्रदेशाकडे जातो, तसाच हाही जातो. म्हणून नाव उजवीकडून वाचावे. ‘इन’ म्हणजे भारत, त्याआधीचे ‘गव्ह’ म्हणजे शासन, त्याआधी महाभूमी. शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असलेले नाव शासकीय संस्थेखेरीज कोणाला मिळत नाही. याउलट ‘महाभूमी’ किंवा ‘सातबारा’ हे शब्द नावात कुठेतरी मध्ये घालून शेवटी भलतेच काही ठेवलेले नाव कोणीही थोड्या पैशांत विकत घेऊ शकतो. ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाविषयीही मोठा गैरसमज आहे. ते चिन्ह एवढेच सांगते की वाटेत कोणी मजकूर वाचू शकणार नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की नाही, याची हमी ते देत नाही. पैसे गेल्यास 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

पुणे जिल्ह्याचा जगाशी तांत्रिक संबंध इंटरनेटच्या आधीपासूनचा आहे. जुन्नर तालुक्यातील आर्वी येथील विक्रम भू-केंद्र 1971 मध्ये सुरू झाले आणि भारताचे परदेशांशी चालणारे उपग्रहीय संभाषण या ग्रामीण परिसरातून जाऊ लागले. संगणकांचे जाळे मात्र 1986 पासून अर्नेट या प्रकल्पाद्वारे मुंबईतील एनसीएसटी आणि आयआयटीसारख्या संस्थांपुरते राहिले, आणि सामान्य माणसासाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने प्रथम महानगरांत खुले केले. टेलिफोनच्या तारेवरून मिळणारी ती जोडणी अत्यंत मंद होती आणि शहराबाहेरच्या माणसाच्या आवाक्याबाहेरही.

तार आली तरी भाषा आली नव्हती, आणि या मुद्द्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याने कोणते अक्षर समजायचे हा करार असतो. रोमन अक्षरांसाठी तो करार जुना होता, पण देवनागरीसाठी प्रत्येक फाँट बनविणाऱ्याने आपापले आकडे ठरविले, आणि परिणामी एका संगणकावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर अर्थहीन चिन्हांची रांग होऊन उमटे. त्या काळात मराठी वृत्तपत्राचे संकेतस्थळ वाचण्यासाठी त्या त्या वृत्तपत्राचा फाँट आधी उतरवून घ्यावा लागे. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्राद्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मूलभूत काम केले. पुढे युनिकोड या जागतिक करारात देवनागरीला कायमची जागा मिळाली. त्यात ‘क’चा क्रमांक 2325 आहे आणि ‘ळ’चा 2355, मग तो संगणक भिगवणचा असो वा बोस्टनचा. ‘ॲ’ या मराठीला नित्य लागणाऱ्या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळायला मात्र 2008 साल उजाडले. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला, तो या कराराच्या आधारावर. आणि गुगलवर मराठीत शोधले की मराठीत सापडते, हेही याच करारामुळे.

बारामतीचे या इतिहासातील स्थान नेमके याच टप्प्यावर ठळक होते. विद्या प्रतिष्ठानने संगणक बसविलेली बस खेड्यांतील शाळांपर्यंत नेली, ही गोष्ट पुष्कळांच्या स्मरणात आहे. परंतु अधिक खोल जाणारा प्रयोग 2003 मध्ये आयआयटी मुंबईने प्रा. क्रिती रामामृतम यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू केलेल्या ‘आॲक्वा’चा होता. ‘जवळपास सर्व प्रश्नांची उत्तरे’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे हे लघुरूप. शिरूर तालुक्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमासारख्या ठिकाणच्या केंद्रांतून शेतकरी आपल्या भाषेत प्रश्न विचारीत, आणि उत्तर देण्याची मुख्य जबाबदारी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी घेतली होती. प्रश्नासोबत रोगट पानाचे छायाचित्र जोडता येई. ही सोय किती मोलाची होती हे शेतीतल्या माणसाला सांगावे लागणार नाही, कारण ‘पानावर डाग पडलेत’ एवढ्या वर्णनावरून डाळिंबावर तेल्या आहे की एखाद्या बुरशीचा ठिपका, हे जाणकारालाही ठरविता येत नाही, आणि निदान चुकले तर फवारणीचा सगळा खर्च वाया जातो. दिलेली उत्तरे साठवून ठेवली जात, शोधता येत, आणि एकाने विचारलेले दहा जणांच्या उपयोगी पडे. तंत्र म्हणून हे वेबवरचे एक साधे संकेतस्थळ होते. त्याचे सामर्थ्य होते ते दुसऱ्या टोकाला नाव-गाव असलेला, मातीची जाण असलेला आणि मराठीत उत्तर देणारा माणूस बसला होता यात. इंटरनेट खेड्यात पोहोचले की नाही, हे तारेच्या लांबीवरून नव्हे तर या दुसऱ्या टोकावरून मोजले पाहिजे, असे या प्रयोगाकडे पाहताना ठामपणे म्हणावेसे वाटते.

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणेचा अनुभव याला पुष्टी देतो. वारणानगर परिसरातील सुमारे सत्तर गावांसाठी 1998 मध्ये केंद्र आणि राज्य शासनाने ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प उभारला आणि गावोगावी संगणक केंद्रे उघडली. जगाचे ज्ञान शेतकऱ्याच्या दारी आणण्याचा तो संकल्प होता. प्रत्यक्षात शेतकरी तिथे जात ते मुख्यतः उसाची नोंद, तोडीची चिठ्ठी, खताची मागणी आणि बिलाचा आकडा पाहण्यासाठी. 2006-07 च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी सात गावांत हीच कामे साध्या मोबाइलच्या एसएमएसवर आणून पाहिली आणि ती कमी खर्चात चालली. याला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. शेतकऱ्याने आपल्याला हवे तेवढे नेमके उचलले होते.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटाचे दर कोसळले आणि केंद्रावर जाण्याची गरज बरीचशी संपली. केंद्र आता खिशात आले. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला आणि त्यावर तलाठ्याच्या सहीशिक्क्याची आवश्यकता उरली नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर हाती घेतला असून, जमिनीतील संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे यांवरून पाणी आणि खताचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर दिला जातो. या प्रयोगात माहितीचा ओघ उलटा झाला आहे : पूर्वी शेतकरी माहिती मागत असे, आता त्याचे रान अहोरात्र माहिती देते. त्या माहितीवर हक्क कोणाचा, ती कुठे साठते आणि तिचा उपयोग आणखी कोण करू शकतो, हे प्रश्न शेतकऱ्यांनी या ट्रस्टला आताच, लेखी विचारण्यासारखे आहेत.

कालव्याच्या टेलला पाणी उशिरा आणि कमी पोहोचते, हे इंदापूरला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि जाळ्यालाही टेल असते. वाड्यावस्त्यांवर, टॉवरपासून दूरच्या रानात, रेंजच्या रेघा एकीवर येतात. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे असते, आणि ते घेताना फोन जीपीएसवरून जागेची नोंद करतो. जीपीएसला उपग्रह पुरतो, इंटरनेट लागत नाही. म्हणून रेंज नसलेल्या रानातही पाहणी भरता येते. छायाचित्र, गट क्रमांक आणि पिकाचे नाव फोनमध्येच थांबून राहते, आणि शेतकरी सोलापूर रस्त्याला लागून रेंजमध्ये आला, की तिथून ते पाठविता येते.