क्रोध व समानुभूतीविषयक मानसशास्त्रीय संशोधनातील सहभाग : कोपरीच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

स्मरणशक्तीच्या प्रयोगात सहभागी व्यक्तीने शब्दांची यादी पाठ करून दाखविली की तिचे काम संपते. क्रोधाच्या अभ्यासात मात्र तिला खरोखर राग यावा लागतो, निदान पूर्वी आलेला राग प्रामाणिकपणे कबूल करावा लागतो. समानुभूतीच्या अभ्यासात दुसऱ्याचे दुःख पाहून ती हलली की नाही, हे तपासले जाते. जुन्या मराठी क्रमिक पुस्तकांत अशा व्यक्तीस ‘प्रयुक्त’ म्हणत. अलीकडे ‘सहभागी’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द बदलला तरी व्यवहार कितपत बदलला, हा प्रश्न शिल्लक राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांमुळे महाविद्यालयीन अध्यापकांच्या संशोधनास चालना मिळाली. या संशोधनाचा न्यादर्श पुष्कळदा संशोधकाच्याच वर्गात बसलेला असतो. त्यामुळे सहभागाचा प्रश्न अध्यापकवर्गाच्या अगदी निकटचा आहे.

कोपरी : दोन प्रकारचा क्रोध

ठाणे पूर्वेकडील कोपरी ही वस्ती लोहमार्ग आणि खाडी यांच्या दरम्यान वसलेली आहे. फाळणीनंतर येथे सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. अशा विस्थापितांच्या मनातील तणाव हा स्वतंत्र भारतातील समाजमानसशास्त्राचा आरंभीचाच विषय होता. गार्डनर मर्फी हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९५० मध्ये युनेस्कोच्या वतीने भारतात आले व येथील संशोधकांच्या साहाय्याने त्यांनी सामाजिक तणावांचा अभ्यास केला. त्यावरील ‘इन द माइंड्स ऑफ मेन’ हा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ सी. एन. वकील यांनी पेरीन कॅबिनेटमेकर यांच्यासह लिहिलेला शासन आणि विस्थापित यांच्या संबंधांवरील ग्रंथ १९५६ चा आहे. त्याच्या उपशीर्षकातही ‘सामाजिक तणाव’ हेच शब्द आहेत. घरदार गमावलेल्या माणसाला ‘तुमचा राग कोणावर आहे ?’ असे विचारणे म्हणजे काय, याचा विचार या प्रकारच्या अभ्यासात टाळता येत नाही. उत्तर देणारा पुन्हा एकदा त्या प्रसंगातून जातो, प्रश्नकर्ता मात्र वही मिटून परततो.

कोपरीची दुसरी ओळख म्हणजे पूर्व द्रुतगती महामार्गावरील रेल्वे उड्डाणपूल. रुंद महामार्ग या पुलापाशी येऊन अरुंद होत असे आणि वाहनांच्या रांगा लागत. रुंदीकरणानंतर २०२३ मध्ये नवा पूल पूर्णपणे खुला झाला. त्यापूर्वी त्या रांगेत अडकलेल्या चालकाला प्रश्नावली दिली असती, तर तिच्यातून त्याचा स्वभाव कळला असता की त्या क्षणाची त्याची अवस्था ? चार्ल्स स्पीलबर्गर यांनी क्रोधाचे ‘अवस्था’ आणि ‘गुणविशेष’ असे दोन भाग केले ते याच कारणास्तव. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची मापनश्रेणी हे दोन्ही भाग वेगवेगळे मोजते. शिवाय राग बाहेर पडतो, आत साठतो की आवरला जातो, याचीही नोंद घेते.

वाहनचालकांच्या क्रोधासाठी जेरी डेफेनबाकर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तयार केलेली श्रेणी ३३ विधानांची आहे. इतरांचे उद्धट हावभाव, पोलिसांची उपस्थिती, मंद गतीने जाणारी वाहने इत्यादी सहा गटांत ती विभागलेली आहे. श्रेणी अमेरिकेतील विद्यार्थ्यांवरून सिद्ध झालेली. मागून सतत वाजणारा भोंगा आणि डावीकडून घुसणारी रिक्षा यांच्याशी रोज गाठ पडणाऱ्या ठाणेकरांचे काय ? अशी श्रेणी जशीच्या तशी वापरली तर मिळालेल्या गुणांचा अर्थ लावणे कठीण होते.

भाषेचा प्रश्न

येथे भाषांतराचा मुद्दा उपस्थित होतो आणि तो वाटतो तितका गौण नाही. इंग्रजीतील एका शब्दासाठी मराठीत राग, संताप, चीड, वैताग, धुसफूस, रुसवा, त्रागा अशी मालिका आहे. (संस्कृतात ‘राग’ म्हणजे आसक्ती, मराठीने त्याच शब्दाला उलट दिशेला नेले.) यांतील रुसवा केवळ आपल्या माणसावरच धरता येतो, समोरच्याने समजूत काढावी ही अपेक्षा त्यात गृहीत असते. त्राग्यात माणूस दुसऱ्यावर चिडून त्रास स्वतःला करून घेतो. जेवणाचे ताट दूर सारणे हे त्याचे घरगुती उदाहरण. स्पीलबर्गर यांच्या वर्गीकरणात त्रागा ‘बाहेर पडलेला’ धरावा की ‘आत साठलेला’ ? तो दोन्ही आहे. मराठी भाषक सहभागीने अशा विधानापुढे खूण करताना अडखळावे, हे स्वाभाविकच होय. तो अडखळला ही बाब मात्र गुणांच्या तक्त्यात कोठेच दिसत नाही.

समानुभूतीची स्थितीही फारशी वेगळी नाही. इंग्रजी संज्ञा एडवर्ड टिचनर यांनी १९०९ मध्ये एका जर्मन सौंदर्यशास्त्रीय संज्ञेवरून घडविली. मराठीत तिच्यासाठी समानुभूती, तदनुभूती, परानुभूती असे पर्याय वापरले जातात. सामान्य वाचक मात्र ‘सहानुभूती’ असाच अर्थ घेतो, आणि सहानुभूतीला मराठीत दयेची छटा आहे. ‘तुम्हाला इतरांविषयी सहानुभूती वाटते का ?’ या प्रश्नाला नकार देणारा विरळाच. भारतीय काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ आणि ‘साधारणीकरण’ या संकल्पना या संदर्भात अधिक सूक्ष्म आहेत. मानसशास्त्राच्या मराठी अभ्यासकांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले, असे म्हणणे भाग आहे.

मार्क डेव्हिस यांच्या २८ विधानांच्या श्रेणीत समानुभूतीचे चार घटक मानले आहेत : दुसऱ्याचा दृष्टिकोन घेणे, काल्पनिक पात्रांशी एकरूप होणे, इतरांविषयी आस्था वाटणे आणि दुसऱ्याच्या संकटाने स्वतः व्याकूळ होणे. शेवटचा घटक विशेष लक्षणीय आहे, कारण व्याकूळ झालेला माणूस पुष्कळदा मदत न करता तेथून निघून जातो. डॅनियल बॅटसन व सहकाऱ्यांच्या १९८१ मधील प्रयोगात सहभागींना एक तरुणी विजेचे धक्के सोसत असल्याचे दाखविण्यात आले. समानुभूती अधिक असलेल्यांनी, निघून जाणे सोपे असतानाही, तिची जागा घेण्याची तयारी दर्शविली. धक्के प्रत्यक्षात दिलेच जात नव्हते. दृश्य आधी चित्रित केलेले होते.

फसवणूक आणि संमती

क्रोधाच्या प्रयोगांत अशी फसवणूक अधिक होते. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात ६०० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी निबंध लिहिले व त्यांवर अतिशय अपमानास्पद शेरे मिळविले. शेरे दुसऱ्या सहभागीचे असल्याचे भासविले होते. अपमान करणाऱ्याचे स्मरण करीत पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग कमी न होता वाढला. काहीच न करता स्वस्थ बसलेले तुलनेने शांत राहिले. राग बाहेर काढल्याने मन मोकळे होते, हा लोकप्रिय समज या प्रयोगाने खोटा ठरविला. निष्कर्ष मोलाचा आहे. पण तो ज्यांच्यामुळे मिळाला त्यांना काही काळ खोटा अपमान सहन करावा लागला, हेही खरे.

नंतर सत्य सांगितले म्हणजे परिणाम पुसला जातो, असे सहसा मानले जाते. ली रॉस, मार्क लेपर व मायकेल हबर्ड यांनी १९७५ मध्ये हे गृहीतक तपासले. सहभागींना त्यांच्या कामगिरीविषयी खोटे गुण सांगितले व नंतर ते खोटे असल्याचे स्पष्ट केले; तरीही अनेकांचे स्वतःविषयीचे मत पूर्वपदावर आले नाही. अशी धारणा का टिकून राहते, हेही समजावून दिले तेव्हा परिणाम बऱ्याच अंशी ओसरला.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत प्रयोगातील सहभागाबद्दल अभ्यासक्रमात गुण मिळतात आणि सहभाग नको असल्यास पर्यायी काम दिले जाते. आपल्याकडे अध्यापक तासाच्या शेवटी प्रश्नावली वाटतात. अंतर्गत गुण ज्यांच्या हाती आहेत त्यांना ‘नको’ म्हणण्याचे स्वातंत्र्य किती विद्यार्थी घेतील ? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत विद्यार्थ्यांचा उल्लेख दबावाखाली येऊ शकणाऱ्या गटांत केलेला आहे, तो यासाठीच. कनिष्ठ महाविद्यालयातील अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांच्या बाबतीत पालकांची संमती आणि विद्यार्थ्याची स्वतःची अनुमती अशा दोन्ही गोष्टी लागतात. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींसंबंधी तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९९ नुसार मुक्त व माहितीपूर्ण संमती कायद्यानेच आवश्यक आहे.

प्रश्नावली दुसऱ्या अध्यापकाने किंवा दुसऱ्या महाविद्यालयाने भरून घेणे हा उपाय खर्चिक नाही. कोरी प्रश्नावली परत देण्याची मुभा असल्यास कोणी भाग घेतला व कोणी नाही, हे कोणालाच कळत नाही. संमतिपत्र मराठीत असावे, आणि रागाविषयी प्रश्न विचारल्याने जुने प्रसंग आठवू शकतात, हे त्यात आरंभीच नमूद असावे. खोटा शेरा दिला असल्यास तो खोटा का होता आणि खोटे कळल्यावरही तो मनात का रेंगाळतो, हे प्रत्येक सहभागीला समक्ष भेटून सांगावे लागते. सूचनाफलकावर कागद लावून हे काम होत नाही.