करकोचा शोधला, क्रेन मिळाली!

दौंड जंक्शनवर गाडी थांबली, की फेरीवाल्यांची गडबड उडते. त्यांतला एखादा मुरलेला फेरीवाला पाहा. कडेवर मूल घेतलेली बाई दिसली, की तो खुळखुळा वाजवतो. चष्मा लावून बसलेल्या गृहस्थांपुढे मासिक धरतो. त्याचा अंदाज बहुधा बरोबर येतो, कारण गिऱ्हाईक त्याच्या डोळ्यांसमोर असते.

आता दुसरा फेरीवाला पाहू. हा संगणकात बसलेला आहे. आपण फोनवर एखादे संकेतस्थळ उघडले, की मजकुराच्या शेजारी हा आपला माल मांडतो. ‘ज्याला जे हवे, त्यालाच ते दाखवायचे’ असा त्याचा दावा असतो. अशा नेम धरून दाखवलेल्या जाहिरातींना ‘लक्ष्यित जाहिराती’ म्हणतात. पण हा नेम कधी कधी भलतीकडेच लागतो!

समजा, शिरूरच्या एका विद्यार्थ्याला पक्षिनिरीक्षणाचा छंद आहे. मोराची चिंचोली त्याच्याच तालुक्यात. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या करकोच्याविषयी तो एका इंग्रजी संकेतस्थळावर वाचत आहे आणि शेजारी जाहिरात झळकते, ‘वीस टन उचलणारी क्रेन भाड्याने मिळेल!’ दौंडच्या एका विद्यार्थिनीला रेल्वेचा नाद. ती आगगाडीच्या डब्यांची माहिती वाचते, तर तिला दिसतात कोचिंग क्लास, मुंबईतल्या सदनिका आणि गुडघ्याला बांधायचा पट्टा!

हे पाहून आपल्याला हसू येते. पण असे का होते, हे शोधू लागलो, तर त्यामागे चक्क गणित सापडते.

शब्द दिसतो, अर्थ दिसत नाही

जाहिरात निवडण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे पानावरचे शब्द पाहणे. क्रिकेटचा मजकूर असेल, तर बॅटची जाहिरात. गूगल कंपनीने २००३ साली या रीतीने इतरांच्या संकेतस्थळांवर जाहिराती लावायला सुरुवात केली आणि ती पद्धत जगभर पसरली.

अडचण अशी, की एका शब्दाचे अर्थ अनेक. करकोचा आणि सारस या पक्ष्यांना इंग्रजीत ‘क्रेन’ म्हणतात. ओझी उचलणाऱ्या यंत्राला हे नाव मिळाले, तेही पक्ष्याच्या लांब मानेवरून. पाकोळी हा पक्षी इंग्रजीत ‘स्विफ्ट’, आणि त्याच नावाची मोटारही आहे. घार म्हणजे ‘काइट’, पण पतंगही ‘काइट’च. आगगाडीचा डबा तो ‘कोच’ आणि खेळाडूंचा गुरू तोही ‘कोच’. मराठीतही हा घोळ आहेच. भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर येणारा रोहित हा पक्षी आहे आणि रोहित हे मुलाचेही नाव आहे.

मग अर्थ ओळखायचा कसा? आपण ओळखतो, तसाच, शब्दाच्या शेजाऱ्यांवरून. जवळपास पीस, घरटे, स्थलांतर असे शब्द असतील, तर क्रेन म्हणजे पक्षी. टन, दोर, भाडे असे शब्द असतील, तर यंत्र. असंख्य मजकुरांतले शब्दांचे असे शेजार मोजून आजचे संगणक अर्थाचा बराच चांगला अंदाज करतात. पण छंदाच्या पानावर पुष्कळदा एक मोठे छायाचित्र आणि खाली ‘शिरूरजवळ दिसलेली क्रेन’ एवढीच ओळ असते. शेजारीच नाहीत, तर ओळख कोण देणार? त्यातून शिरूर तालुक्यात रांजणगावची मोठी औद्योगिक वसाहत आहे. म्हणजे ‘क्रेन’ आणि ‘शिरूर’ या दोन्ही खुणा यंत्राकडेच बोट दाखवतात! दोन साक्षीदारांचे एकमत झाले, म्हणून साक्ष खरी असतेच असे नाही, हे येथे छान दिसते.

शिरूर नेमके कोणते?

दुसरी खूण ठिकाणाची. इंटरनेटवर माहितीची देवाणघेवाण करताना प्रत्येक जोडणीला एक अंकी पत्ता लागतो. त्याला ‘आयपी पत्ता’ म्हणतात. जुन्या आणि अजूनही वापरात असलेल्या पद्धतीत हे पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटीच होतात. जगाची लोकसंख्या आता ८०० कोटींच्या पुढे गेली आहे. तेव्हा फोन कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता वापरायला देतात, आणि तो पत्ता पुष्कळदा कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्राचा म्हणून नोंदलेला असतो. म्हणूनच दौंडमधली वाचक संगणकाला मुंबईकर वाटू शकते आणि तिला तिथल्या सदनिका दिसतात. फोनला उपग्रहांकडून आपले ठिकाण काही मीटरपर्यंत अचूक कळते. पण ती माहिती द्यायची परवानगी आपण दिली असेल, तरच ती बाहेर जाते.

नावावरून ठिकाण ओळखावे, तर तिथेही गोंधळ. पुणे जिल्ह्यातले घोडनदीकाठचे शिरूर वेगळे, बीड जिल्ह्यातले शिरूर कासार वेगळे आणि लातूर जिल्ह्यातले शिरूर अनंतपाळ आणखी वेगळे. दौंडचे इंग्रजी स्पेलिंग तर जुन्या काळी ‘धोंड’ असे वाचले जाईल, असे होते. रेल्वेचा जुना इतिहास देणाऱ्या पानांवर आजही ते आढळते. आपल्याला ती एकच जागा वाटते, पण न शिकवलेल्या संगणकाला ती दोन गावे वाटतील.

एक फोन, पाच माणसे

तिसरी खूण मागच्या वाटचालीची. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली या तंत्रज्ञाने ‘कुकी’ नावाची युक्ती काढली. संकेतस्थळ आपल्या फोनवर किंवा संगणकावर एक छोटीशी चिठ्ठी ठेवते आणि पुढच्या वेळी ती वाचून आपल्याला ओळखते. ग्राहकाने खरेदीच्या पिशवीत काय काय टाकले, हे पान बदलले तरी लक्षात राहावे, असा मूळचा साधा हेतू. पुढे जाहिरात कंपन्यांनी अनेक संकेतस्थळांवर आपापल्या चिठ्ठ्या ठेवून वाचकाचा माग काढायला सुरुवात केली.

परंतु ही चिठ्ठी यंत्रावर असते, माणसावर नव्हे. घरातला एकच फोन सकाळी आजी वापरते, दुपारी वडील आणि संध्याकाळी आपण. संगणकाच्या लेखी या सर्वांचे मिळून एकच माणूस होते. त्याचे गुडघे दुखतात, त्याला ट्रॅक्टरचे टायर हवेत आणि तो दहावीचा अभ्यासही करतो! गुडघ्याच्या पट्ट्याचे कोडे आता सुटले असेल.

लिलावाचे गणित

समजा, या सर्व खुणा बरोबर आल्या. संगणकाने ओळखले, की वाचक शिरूरचा पक्षिप्रेमी आहे. मग तरी त्याला दुर्बिणीचीच जाहिरात दिसेल ना? नाही! येथेच खरी मेख आहे.

आपण पान उघडतो आणि ते पडद्यावर येते, एवढ्या वेळात जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. त्याला एका सेकंदाच्या दहाव्या भागाएवढाच वेळ लागतो. वाचकाने जाहिरातीवर बोट टेकवले, तरच पैसे द्यायचे, असा करार धरू आणि समजुतीसाठी काही आकडे घेऊ. दुर्बीण विकणारा एका स्पर्शाला ५ रुपये देतो. पक्षिप्रेमींना दुर्बीण आवडते, म्हणून हजारांपैकी ४ जण बोट टेकवतात. हजार वेळा जाहिरात दाखवली, तर मिळकत ५ × ४ = २० रुपये. सदनिका विकणारा एका स्पर्शाला ६० रुपये देतो. हजारांत एकच जण बोट टेकवतो. मिळकत ६० × १ = ६० रुपये. आता सांगा, लिलाव कोण जिंकेल?

सदनिकेच्या जाहिरातीकडे हजारांतले ९९९ जण पाठ फिरवतात, तरीही तीच लावणे तिप्पट फायद्याचे ठरते. ‘या वाचकाला काय हवे?’ हा संगणकापुढचा प्रश्नच नाही. ‘या जागेतून जास्त पैसे कशाने मिळतील?’ हा त्याचा प्रश्न आहे. आपण पहिल्या प्रश्नाचे उत्तर अपेक्षितो आणि तो दुसऱ्याचे उत्तर देतो. म्हणून ते आपल्याला विसंगत वाटते. छंदाच्या पानांवर हे विशेष घडते, कारण चिमण्यांची घरटी विकणारे थोडे आणि कर्ज, मोटारी, सदनिका विकणारे पुष्कळ!

हसण्यापलीकडे

भलती जाहिरात ही गंमत असते. पण प्रत्येक वेळी नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या लटान्या स्वीनी यांनी २०१३ साली दोन हजारांहून अधिक नावे शोधयंत्रात घालून पाहिली. कृष्णवर्णीयांत प्रचलित असलेली नावे शोधली, की त्या व्यक्तीला अटक झाली असावी असे सुचवणाऱ्या जाहिराती अधिक प्रमाणात दिसत होत्या. कुणी नोकरीसाठी अर्ज केला आणि मालकाने त्याचे नाव शोधले, तर? असाच अंदाज कर्ज किंवा प्रवेश देताना वापरला, तर? तेथे चूक झाली, तर तिची किंमत माणसाला मोजावी लागते.

आपल्या संसदेने २०२३ साली संमत केलेल्या ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण’ कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवण्यास मनाई करणारी तरतूद आहे. म्हणजे हा विषय तुमच्याच हक्काचा आहे. तेव्हा भलती जाहिरात दिसली, तर खुशाल हसा. अगदी अचूक जाहिरात दिसली, तर मात्र क्षणभर थांबा आणि विचारा, ‘हे याला कुणी सांगितले?’

करून पाहा

एका वहीत चार रकाने आखा : शब्द, ठिकाण, मागची वाटचाल आणि लिलाव. आठवडाभर आपल्या छंदाच्या पानांवर दिसणाऱ्या जाहिराती नोंदवा. प्रत्येक जाहिरात कोणत्या कारणाने आली असावी, ते ठरवून त्या रकान्यात खूण करा. मग तेच पान दुसऱ्याच्या फोनवर उघडा. तेथेही तीच जाहिरात आली, तर कारण शब्द किंवा लिलाव असण्याचा संभव अधिक. निराळी आली, तर मागची वाटचाल किंवा ठिकाण तपासा. वर्गातल्या सर्वांच्या नोंदी एकत्र करून शिक्षकांच्या मदतीने त्यांचा स्तंभालेख काढा. कोणता स्तंभ सर्वांत उंच येईल, याचा अंदाज मात्र आधीच वहीत लिहून ठेवा!