पाण्याखालचा कानोसा (लेखांक 6) : पडद्यावरची गर्दी आणि खरा मासा

मासेशोधक यंत्राचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि पडसाद ऐकणारा भाग, नावेला कुठे आणि किती खोल बसवायचा, हे मागच्या आठवड्यात पाहिले. आता बॅटरी जोडली, पडदा उजळला आणि त्यावर ठिपके, रेघा, माशांची चित्रे यांची एवढी गर्दी झाली की जाळे कुठे टाकावे तेच उमगेना. अशा वेळी पुष्कळ जण यंत्राला दोष देऊन ते पेटीत टाकतात. यंत्राची चूक नसते. कारखान्यातून येणारी मांडणी (सेटिंग) खोल समुद्रालाही तीच आणि गावतळ्यालाही तीच. आर्वी तालुक्यातल्या धनोडीजवळच्या निम्न वर्धा धरणाचे गाळाचे, बुडालेल्या बाभळींचे पाणी तिला ठाऊक नसते. ते तिला सांगावे लागते.

जपानमधल्या फुरुनो बंधूंनी 1948 साली मच्छीमारांसाठी असे यंत्र प्रत्यक्ष वापरात आणले. तत्त्व आजही तेच आहे. आवाज खाली सोडायचा, परत येणारा पडसाद ऐकायचा आणि लागलेल्या वेळावरून खोली काढायची. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर तो आपटतो आणि तिथूनच सर्वांत जोरकस पडसाद येतो.

पहिला निर्णय वारंवारतेचा. बहुतेक यंत्रांत 50 किंवा 83 आणि 200 किलोहर्ट्झ असे पर्याय असतात. कमी वारंवारतेचा आवाज खोल जातो, पण तो फार फाकतो. झोत 45 अंशांचा असेल तर दहा मीटर खाली तो आठ मीटरांहून रुंद होतो, आणि त्यातला कुठलाही मासा पडद्यावर नावेच्या बुडाखाली असल्यासारखा दिसतो. जास्त वारंवारतेचा 20 अंशांचा झोत त्याच खोलीवर जेमतेम साडेतीन मीटरांचा. आपल्या धरणांत 200 किलोहर्ट्झच लावावे. समुद्रातल्या खोल पाण्याची गरज इथे नाही.

मग खोलीची मर्यादा. तळ नऊ मीटरवर असताना पडदा तीस मीटरपर्यंत ताणलेला असेल, तर दोन तृतीयांश जागा रिकामीच जाते आणि मासे बारीक चुरा होऊन दिसतात. मर्यादा हाताने बारा मीटरवर आणली की तोच चुरा सुटा होतो.

सगळ्यात जास्त घोटाळा संवेदनशीलतेत, म्हणजे ‘गेन’मध्ये होतो. गेन हळूहळू वाढवत न्यावा. पाण्यात सगळीकडे बारीक ठिपके उठू लागले की तिथून एखाददोन पायऱ्या मागे यावे. एक ताळा करून पाहण्यासारखा आहे. मर्यादा थोडा वेळ वीस मीटरवर न्या. नऊ मीटरच्या तळाखाली अठरा मीटरवर दुसरी फिकट रेघ उमटली, तर तळ कठीण आहे आणि गेन पुरेसा आहे. वर्ध्याकडच्या काळ्या दगडावर ही दुसरी रेघ सहज येते. काळ्या मातीच्या गाळावर गेन तेवढाच असूनही ती बहुधा येत नाही, कारण गाळ आवाज गिळतो. म्हणजे एकाच बटणाने माशाबरोबर तळाची जातही कळते.

माशांची चित्रे दाखवणारी सोय मात्र सरळ बंद करावी. धरणाच्या तळाशी पालापाचोळा कुजतो, त्यातून वायूचे बुडबुडे वर येतात आणि यंत्र त्या प्रत्येकाला मासा ठरवते. साध्या रेघांच्या चित्रात फरक डोळ्यांना दिसतो. बुडबुड्यांची तिरकी माळ तळापासून वर चढते. चालत्या नावेखालून जाणारा मासा कमान काढतो. नाव थांबलेली असेल आणि मासाही जागचा हलत नसेल, तर कमानीऐवजी लांब आडवी रेघ येते. तिला बुंधा समजून सोडून देऊ नये. नाव संथ चालवावी आणि पडदा सरकण्याचा वेग तिच्याशी जुळवावा.

पृष्ठभागाजवळचा गोंधळ पुसणारी चाळणी जपून वापरावी. दुपारी वारा सुटला की लाटांचे बुडबुडे वरचा मीटरभर भाग भरून टाकतात आणि चाळणी वाढवण्याचा मोह होतो. पण कटला वरच्या थरातच चरतो. चाळणी पूर्ण ताणली की बुडबुड्यांबरोबर कटलाही पुसला जातो. रोहू मधल्या पाण्यात असतो, त्याला धोका नाही. मृगळ तळाला इतका चिकटून चरतो की त्याचा पडसाद तळाच्या रेघेतच मिसळतो, आणि तिथे कुठलीच मांडणी फारशी कामाला येत नाही. मृगळासाठी जुन्या माणसांचा अंदाजच आजही यंत्रापेक्षा खरा.

पडद्यावर तुटक रेषा येत असतील तर त्या बहुधा विजेच्या असतात. यंत्राला वेगळी बॅटरी द्यावी, तिची वायर मोटारीच्या वायरीपासून दूर न्यावी.

या मांडणीला मासेमारीपलीकडेही मोल आहे. 14 सप्टेंबर 2021 रोजी वरूडजवळ वर्धा नदीत नाव उलटून 11 जण बुडाले आणि शोध पुढे काही दिवस चालला. गढूळ पुरात डोळा आणि कॅमेरा दोन्ही निकामी ठरतात. आवाज तेवढा पोचतो. पण पुराच्या पाण्यात हवा आणि गाळ भरपूर असतो, म्हणून शांत पाण्यातला गेन तिथे जसाच्या तसा चालत नाही. बदलत्या पाण्याप्रमाणे तो लावता येणारा माणूस गावात असणे केव्हाही मोलाचे.

यंत्र घेण्याच्या विचारात असलेल्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना एक आग्रहाची विनंती आहे. मे महिन्यात पाणी उतरले की बुडीत क्षेत्र पायी फिरा. उघडे पडलेले बुंधे, विहिरींचे कठडे, दगडी बांध यांच्या जागा जीपीएसवर नोंदवून ठेवा. पाणी भरल्यावर त्याच जागांवरून नाव न्या आणि पडद्यावर त्या कशा दिसतात ते पाहत एकेक मांडणी बदला. दोन मांडण्या एकदम बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.