स्वभावाला औषध नाही?

गोव्याहून परतलेला प्रत्येक ग्रुप बडोद्यात एक तरी गोष्ट घेऊन येतो: अमक्याने तिथे काहीतरी घेतलं आणि तो पार बदलला. आधी अबोल होता, आता गळ्यात पडून बोलतो वगैरे. घरच्या मोठ्यांना विचारा, ते एका वाक्यात निकाल लावतील: स्वभावाला औषध नाही. दोघांपैकी खरं कोण, एवढंच मला बघायचं होतं.

मानसशास्त्रात स्वभाव मोजताना सहसा पाच पैलू धरतात: नव्या अनुभवांबद्दलचा मोकळेपणा, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेणं आणि चिंतातुरपणा. तिशीनंतर हे फारसे हलत नाहीत, म्हणजे म्हण अगदीच चुकीची नाही. पण २०११ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने एक निष्कर्ष छापला. काही जातींच्या अळंब्यांत सायलोसायबिन नावाचं द्रव्य असतं. शरीरात गेल्यावर ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या यंत्रणेवर काम करतं. पन्नासेक निरोगी माणसांना देखरेखीखाली त्याचा मोठा डोस दिला, तर निम्म्याहून जास्त लोकांचा मोकळेपणा वाढला आणि वर्षभरानंतरही तो वाढलेलाच दिसला.

आता यातली मेख. ही वाढ टिकली ती फक्त ज्यांना 'गूढानुभव' आला त्यांच्यात. म्हणजे सगळं एक आहे असं वाटणं, काळाचं भान सुटणं, नंतर सांगायला शब्द न सापडणं. बाकीच्यांनीही तेच द्रव्य घेतलं होतं, पण त्यांचा स्वभाव होता तिथेच राहिला. शिवाय आलेले बहुतेक जण आधीपासूनच प्रार्थना-ध्यान करणारे. असे लोक मुळातच दार किलकिलं ठेवून आलेले असतात, असं मला वाटतं. पुढे २०१८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने नैराश्याच्या रुग्णांमध्ये चिंतातुरपणा कमी आणि बहिर्मुखता जास्त झाल्याचं नोंदवलं. पण रुग्ण जेमतेम वीस, तुलनेला दुसरा गट नाही, आणि नैराश्य हटलं की माणूस तसाही हसू-बोलू लागतोच ना!

मला जास्त छळतो तो जुना प्रयोग. २० एप्रिल १९६२, गुड फ्रायडे. बोस्टन विद्यापीठाच्या चॅपलच्या तळघरात धर्मशास्त्राचे वीस विद्यार्थी बसले होते. दहा जणांना सायलोसायबिन, दहा जणांना नायासिन, ज्याने नुसती त्वचा तापते. वरच्या मजल्यावरची उपासना स्पीकरवरून खाली ऐकू येत होती. प्रवचन हॉवर्ड थर्मन यांचं. हेच थर्मन १९३६ मध्ये आपल्या बारडोलीत येऊन गांधीजींना भेटले होते. ज्यांना सायलोसायबिन मिळालं त्यांतल्या बहुतेकांना काहीतरी अलौकिक जाणवलं. नायासिनवाल्यांना जवळपास काहीच नाही. दर गुड फ्रायडेला फतेहगंजच्या चर्चमध्ये उपाशीपोटी बसणाऱ्या माझ्यासारखीला हे खुपतं. प्रवचन तेच, तळघर तेच, श्रद्धाही तीच. मग कृपा कुणावर झाली, आणि केली कुणी?

पंचवीसेक वर्षांनी रिक डॉब्लिन यांनी त्यातल्या बऱ्याच जणांना शोधून काढलं. सायलोसायबिन घेतलेले अजूनही तो दिवस मोलाचा मानत होते. पण मूळ अहवालात न आलेली एक गोष्टही बाहेर आली: एकाची अवस्था इतकी बिघडली होती की त्याला शांत करायला इंजेक्शन द्यावं लागलं. गोव्याच्या गोष्टींत हा माणूस कधीच नसतो. ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया आहे त्यांना आजचे संशोधक अशा प्रयोगांत घेत नाहीत, आणि आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने हे द्रव्य बंदच आहे.

द्रव्याशिवाय असा अनुभव येतो का? त्याचं उदाहरण तर बडोद्यातच आहे. बडोदा कॉलेजात शिकवून गेलेले अरविंद घोष सुरत काँग्रेसनंतर, जानेवारी १९०८ मध्ये, पुन्हा इथे आले. विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर ते सरदार मजुमदारांच्या घरी वरच्या खोलीत तीन दिवस बसले. मन पार शांत झालं आणि जग पडद्यावरच्या चित्रासारखं भासू लागलं, असं त्यांनी पुढे सांगितलं. गंमत म्हणजे लेलेंना हे अपेक्षितच नव्हतं. त्यांना शिष्याला दुसरंच काही द्यायचं होतं. थोडक्यात, गोळी असो की गुरू, आत काय उघडेल ते देणाऱ्याच्या हातात नसतं.

आणि स्वभाव? त्याच महिन्यात मुंबईत भाषण करायचं होतं आणि डोक्यात एक विचार उमटेना. लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा. भाषण झालं. नंतर अरविंदबाबू कलकत्त्याला गेले, पुन्हा त्याच राजकारणात पडले आणि मे महिन्यात अलीपूर खटल्यात पकडले गेले.